अंड्याची टरफलं, तापलेली सळई आणि फ्लेस्क नदी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आयर्लंड-स्कॉटलंडच्या लोककथा मराठीत आणताय. त्यात एक 'चेंजलिंग'ची गोष्ट आहे. पऱ्या पाळण्यातलं बाळ पळवतात आणि त्याच्या जागी आपल्यातलं एक किरकिरं, सुकलेलं पोर ठेवून जातात. मग कुठेतरी तुमच्या वाचनात आलं की ही पोरं म्हणजे दुसरंतिसरं काही नसून त्या काळची ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न, मुलं होती, आणि तेव्हापासून तुमचा हात अडलाय. हे खरं का, चेंजलिंगला मराठीत काय म्हणू, आणि ही गोष्ट पुस्तकात ठेवू की काढू, असं तुम्ही विचारलंय.

मी बावीस वर्षं गोष्टी गोळा करते आणि सांगते. बहुतेक आपल्याकडच्या, आयरिश गोष्टी संग्रहांतून वाचून. त्या अनुभवावर सांगते की तुमचा हात अडलाय तो एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी आल्यामुळे. एक आहे शेकोटीपाशी सांगितली जाणारी गोष्ट. दुसरा आहे एका खऱ्या घरात, एका खऱ्या मुलाकडे बघून घेतलेला संशय. दोन्हींना 'चेंजलिंग'च म्हणतात. या दोन्ही वेगळ्या केल्या की तुमचे बरेचसे प्रश्न आपोआप सुटतील. सगळे नाही. ठेवू की काढू याचं उत्तर समोर कोण बसलंय यावर अवलंबून आहे, तिकडे शेवटी येते.

आधी शब्दाचं बघू, कारण घोळ तिथेच सुरू होतो. 'परी' म्हटलं की आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर पंख, छडी आणि झगा येतो. गेलिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या भाषा बोलणाऱ्या, लोकांच्या 'शी' मंडळींना पंखबिंख काही नसतात. ती माणसाएवढी असतात, गाई पाळतात, हर्लिंग हा काठी-चेंडूचा खेळ खेळतात, आपसात मारामाऱ्या करतात, प्रेतयात्राही काढतात. राहतात टेकड्यांच्या पोटात आणि 'लिस' म्हणजे मातीच्या गोल बांधांच्या जुन्या कोटांत. हे कोट खरं तर हजारबाराशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्त्या. आयर्लंडभर असे ४०,००० हून अधिक आहेत, म्हणजे कुठल्याही गावाच्या हाकेच्या अंतरावर एखादा असतोच. त्यातल्या रहिवाशांचं नाव सरळ घेत नाहीत. 'डीना माहा' म्हणतात, म्हणजे 'भली माणसं'. आपण सापाला रात्री 'जनावर' म्हणतो, बांगडी फुटली तर 'वाढवली' म्हणतो, त्यातलाच प्रकार. त्यामुळे पुस्तकात 'परी' शब्द घेऊ नका. 'टेकडीतली भली माणसं' म्हणा. मुलांना त्यातली दबकी भीती बरोबर कळते.

बदललेल्या पोराला आयरिशमध्ये 'इअरलिश' किंवा 'शीफ्रा' म्हणतात. मराठीत 'बदली बाळ' करू नका. बदली म्हटलं की आपल्याला तहसीलदार आठवतो. मी 'पालटलेलं पोर' म्हणते. बोलण्यात बसतं, आणि 'हे पोर पालटलं' हे वाक्य कुठल्याही आजीच्या तोंडी सहज शोभतं.

आता गोष्ट. तुम्ही घेतलेली बहुधा क्रोफ्टन क्रोकर या आयरिश संग्राहकाने १८२५ साली छापलेली आहे, मिसेस सलिव्हनची. बाई हवालदिल आहे. निळ्या डोळ्यांचं गुटगुटीत बाळ एका रात्रीत चिपाडासारखं झालंय, रात्रंदिवस ओरडतंय. शेजारणी सांगतात, तव्यावर जिवंत भाज, तापल्या चिमट्याने नाक जाळ, नाहीतर बर्फात टाकून दे. तिचा जीव होत नाही, कारण कितीही झालं तरी चेहरा आपल्याच बाळाचा. मग करडी एलन नावाची जाणती म्हातारी भेटते आणि सांगते: मोठं आधण ठेव, डझनभर अंडी फोडून आतला बलक फेकून दे आणि टरफलं उकळत टाक. शेजारी लोखंडी सळई लाल करून ठेव. बाई तसं करते. पाळण्यातून पोर टक लावून बघतंय. आजवर नुसतं रडणारं ते पोर म्हाताऱ्याच्या आवाजात विचारतं, "काय करतेस गं आई?" "दारू गाळतेय रे बाळा." "कशाची?" "अंड्याच्या टरफलांची." त्यावर ते उठून बसतं आणि ओरडतं, "दीड हजार वर्षं झाली मला या जगात, पण टरफलांची दारू गाळलेली कधी पाहिली नाही!" झालं, वय फुटलं. बाई सळई घेऊन पाळण्याकडे धावते. आणि तिचा पाय घसरतो. ती आडवी पडते, सळई हातातून उडून दुसऱ्या टोकाला जाते. उठून बघते तर पाळण्यात तिचं स्वतःचं बाळ, झोपलेलं, गालांवर लाली.

तो घसरलेला पाय लक्षात ठेवा. मी ही गोष्ट कित्येकदा सांगितल्यावर मला तो दिसला. सळई लागू होत नाही. सांगणाऱ्याने ती तापवली, उचलली, धावत नेली, आणि ऐन वेळी पाय सरकवला. हशा आधीच झालेला असतो. गोष्टीतलं मूल बहुतेक वेळा परत येतं.

आणि ही गोष्ट एकट्या आयर्लंडची नाही. अंड्याच्या टरफलांचा हाच डाव जर्मनीत ग्रिम बंधूंकडे आहे, वेल्समध्ये आहे, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात आहे. वेल्समधली बाई टरफलात कापणीच्या गड्यांसाठी जेवण शिजवते. (दारू गाळणं मुलांच्या पुस्तकात नको वाटत असेल तर हे तुमच्या कामाचं आहे, 'टरफलात पेज' ऐकून आपली मुलं जास्त हसतात.) काही गोष्टींत शिंपी किंवा दुसरा कुणी घरी एकटाच असतो आणि आई बाहेर गेल्याबरोबर पाळण्यातलं पोर उठून सफाईने बॅगपाइप हे वाद्य वाजवतं. जी गोष्ट इतक्या देशांत त्याच सांध्यांनिशी फिरते, ती कुणा एका मुलाच्या आजाराची नोंद असू शकत नाही. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर: गोष्टीतलं पोर ऑटिस्टिक नाही. ते मुलाच्या रूपातलं म्हातारं आहे, विनोदासाठी घडवलेलं.

आता उरलेलं अर्धं. ते जड आहे.

१८२६ च्या जुलैत आयर्लंडच्या केरी काउंटीत ट्रॅली इथे अ‍ॅन रोश नावाच्या अतिशय म्हाताऱ्या बाईवर खटला चालला. मायकेल लेही नावाच्या मुलाला फ्लेस्क नदीत बुडवल्याचा आरोप होता. मूल चार वर्षांचं असूनही उभं राहत नव्हतं, चालत नव्हतं, बोलत नव्हतं. त्याला 'भल्या माणसांची बाधा' आहे असं ठरलं होतं, आणि मुलाच्या आजीने या बाईला सांगितलं होतं की रोज सकाळी नदीवर नेऊन याला अंघोळ घाल. तीन दिवस घातली. तिसऱ्या दिवशी पाण्याखाली जरा जास्त वेळ धरलं. सोबत गेलेल्या बाईने तिला म्हटलं, यानंतर तू देवाला कुठल्या तोंडाने भेटशील? ती म्हणाली, पाप आजीच्या माथी, माझ्या नाही. उलटतपासणीत त्याच साक्षीदार बाईने सांगितलं की मारायचं म्हणून कुणी काही केलं नाही. पोराच्या अंगातलं 'ते' काढायचं होतं. ज्यूरीने अ‍ॅन रोशला निर्दोष सोडलं.

इथे कुणाचा पाय घसरला नाही.

१८८४ साली आयर्लंडमधल्याच क्लोनमेल गावी दोन बायकांना अटक झाली. तीन वर्षांच्या, हातपाय न हलवणाऱ्या मुलाला त्यांनी आई घरात नसताना तापलेल्या फावड्यावर ठेवलं होतं. तापलेलं लोखंड दोन्हीकडे आहे बघा. गोष्टीत शेजारणी सुचवतात आणि आई नाही म्हणते. इथे शेजारणी आई बाहेर जायची वाट बघतात.

या मुलांबद्दल, फ्लेस्कमधल्या आणि क्लोनमेलच्या, 'ही अपंग मुलं होती' असं आपण बेलाशक म्हणू शकतो. कोर्टाच्या आणि वर्तमानपत्राच्या बातमीतच तसं लिहिलंय. कुठलं अपंगत्व, ते मात्र तिथून ओळखता येत नाही. सुसान शून एबर्ली यांनी १९८८ साली 'फोकलोर' नियतकालिकात या वर्णनांची जन्मजात व्याधींच्या लक्षणांशी नीट तुलना केली. तेव्हापासून हा विचार पसरला. त्यात तथ्य आहे. सतत खातं पण अंगी लागत नाही, चेहरा सुरकुतलेला, वर्षभर चांगलं होतं आणि मग बदललं: असं मूल पाहिलेल्या घरातून यातले तपशील गोष्टीत शिरले असणार. पण 'चेंजलिंग म्हणजे ऑटिझम' हे समीकरण इंटरनेटवर येईपर्यंत फार सोपं झालंय. यात क्षय आला, उपासमार आली, आम्ही ज्याला 'मूल वाळलं' म्हणायचो ते सगळं आलं. एका शब्दाखाली पन्नास आजार होते, आणि शब्द आजारासाठी नव्हताच.

मग कशासाठी होता? इथे मला वाटतं ते सांगते. पालटलेली माणसं फक्त मुलंच नव्हती. बाळंतिणींना टेकडीतल्या मुलांना दूध पाजायला नेतात अशी समजूत गेलिक मुलखात सर्वत्र होती, आणि मागे राहतं ते लाकडाचं ओंडकं, बाईसारखं दिसणारं. खुद्द या समजुती लिहून ठेवणारा स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरफॉइलचा पाद्री रॉबर्ट कर्क १६९२ साली वारला, तर लोक म्हणू लागले की तो मेला नाही, टेकडीत गेला. आणि सगळ्यात गाजलेली आयरिश घटना मुलाची नाहीच, ती ब्रिजेट क्लिअरीची आहे.

टिपेररी काउंटीत बॅलीव्हॅडली नावाच्या वस्तीवर १८९५ च्या मार्चमध्ये ती मारली गेली. वय सव्वीसच्या आसपास, शिवणकाम करायची, टोप्या करायची, शिवाय कोंबड्या पाळून अंडी विकायची. हातात स्वतःचा पैसा असलेली, नीटनेटकी राहणारी, मूल नसलेली बाई. नवरा मायकेल लाकडी पिंपं करणारा कारागीर, वाचता-लिहिता येणारा. थंडी लागून ती आजारी पडली. नात्यातला जॅक डन हा जुन्या गोष्टींचा माणूस. तो तिच्याकडे बघून म्हणाला, ही ब्रिजी नव्हे. नवऱ्याचंही म्हणणं झालं की ही माझ्या बायकोपेक्षा दोन इंच उंच आहे. डॉक्टर येऊन गेला होता, पाद्रीही येऊन गेला होता, म्हणजे 'बिचाऱ्यांना औषधपाणी मिळत नव्हतं' एवढ्यावर हे उरकता येत नाही. चौदा तारखेला दुधात उकळलेली जडीबुटी तिच्या तोंडात बळेच ओतली. पंधराला रात्री नवऱ्याने जॅम लावलेले पावाचे तीन तुकडे पुढे केले: प्रत्येक घासाआधी सांग, तू ब्रिजेट बोलंड, मायकेल क्लिअरीची बायको आहेस का, देवाच्या नावाने. दोनदा तिने सांगितलं आणि खाल्लं. तिसऱ्यांदा उशीर झाला. त्याने तिला खाली पाडलं, दिव्याचं तेल ओतलं. घरात तिचा बाप होता, आतेमामे भाऊ होते. नंतर मायकेल काळ्या मुठीची सुरी घेऊन जवळच्या कायलनॅग्रानच्या कोटापाशी रात्री जाऊन बसला. खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून बाहेर येईल आणि मी दोर कापून सोडवीन, असं त्याला वाटत होतं. २२ मार्चला पोलिसांना तिचं प्रेत पुरलेलं सापडलं. त्याला सदोष मनुष्यवधासाठी वीस वर्षांची शिक्षा झाली, पंधरा भोगून तो कॅनडाला गेला.

तिच्यात कुठलाही सिंड्रोम शोधायची गरज नाही. 'ही आमची नव्हे' हे वाक्य घरात कधी बोललं जातं ते पाहा. मूल चार वर्षांचं झालं तरी उचलून न्यावं लागतं आणि घरात हातातोंडाची गाठ पडत नाही, तेव्हा. सून किंवा बायको घराच्या मापात मावेनाशी होते, तेव्हा. शब्दामुळे एक सोय होते: आपल्या माणसाशी जे करता येत नाही ते 'त्यांच्या' माणसाशी करता येतं. आणि बहुतेक घरांनी हा शब्द हसण्यापुरताच वापरला, हेही विसरू नका. ब्रिजेटचा खटला चालू असताना काही पत्रांनी लिहिलं की असल्या रानटी लोकांना स्वराज्य कसं द्यायचं. त्याच साम्राज्यात आपण होतो, ही वाक्यरचना आपल्या ओळखीची आहे. म्हणून आयरिश खेड्यांवर हसण्याचा सूर पुस्तकात येऊ देऊ नका.

आपल्याकडे असं आहे का, हेही तुम्ही जाता जाता विचारलंय. भोवतालची तटबंदी अगदी तीच आहे. तिकडे पाळण्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेवायचे, इकडे बाळंतिणीच्या उशाशी विळा. आयर्लंडच्या अरान बेटांवर लहान मुलग्यांना झगे घालत, 'त्यांना' मुलगे हवे असतात म्हणून. आपल्याकडे नवसाच्या मुलाचं नाक टोचून नथू करायचे, नाहीतर धोंडू, दगडू म्हणायचे. पण सटवाई कपाळी लिहून जाते, दृष्ट लागते, बाहेरचं होतं, तरी अंथरुणातलं मूल आपलंच असतं. त्याच्या जागी दुसरंच ठेवलंय, अशी कथा मला बावीस वर्षांत एकाही आजीने सांगितलेली नाही. मुलांचे हाल आपल्याकडे कमी झाले असं याचा अर्थ घेऊ नका. पालटलेलं पोर ही कल्पना नवी म्हणूनच समजावावी लागेल, एवढंच.

तर इथवर: गोष्टीला निदान चिकटवू नका, खटल्यांतली मुलं गोष्टीत मिसळू नका. आता ठेवू की काढू.

मी एकदा चुकले ते सांगते. एका शाळेत चौथीच्या वर्गाला मिसेस सलिव्हन सांगितली. टरफलांवर वर्ग खिदळला. संपल्यावर दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "माझा दादापण बोलत नाही. मग खरा दादा त्यांच्याकडे आहे का?" मी म्हटलं, "अगं, गोष्ट आहे ती." ती खाली बसली. दुसरं काही मला सुचलं नाही. त्या संध्याकाळी मला सुचलेली दहा उत्तरं आता काही उपयोगाची नाहीत.

तेव्हापासून मोठ्यांसमोर मी सलिव्हन सांगते, फ्लेस्कही सांगते. लहान मुलांसमोर, त्यातही जिथे मी कुणालाच ओळखत नाही तिथे, नाही सांगत. पुस्तक तर कुणाच्या हातात पडेल ते तुम्हाला दिसणारच नाही. म्हणून माझा सल्ला: पालटलेल्या पोराची गोष्ट ठेवा, पण ही नको. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या लोहाराची घ्या. जॉन फ्रान्सिस कॅम्पबेलने १८६० ते १८६२ मध्ये छापलेल्या संग्रहात ती आहे. तेराचौदा वर्षांचा मुलगा अंथरूण धरतो, वाळतो, पिवळा पडतो, पण खातो राक्षसासारखं. टरफलांचा डाव इथेही आहे: बाप जड ओझं असल्यासारखं टरफलांतून पाणी वाहून आणतो आणि पोर हसून 'आठशे वर्षांत असलं पाहिलं नाही' म्हणतं. विस्तवात टाकल्यावर ते छपरातून उडून जातं. तो भाग मी एका वाक्यात उरकते. गोष्टीचं खरं वजन पुढे आहे. बाप मुलाला आणायला जातो. हिरवी टेकडी ठराविक रात्री उघडते, तो उंबऱ्यात कट्यार रोवतो म्हणजे दार बंद होणार नाही, काखेत झोपलेला कोंबडा, हातात बायबल. आत मुलगा भट्टीवर काम करतोय. कोंबडा आरवतो, मंडळी चिडून बापलेकांना बाहेर ढकलतात आणि मागून कट्यार भिरकावतात.

आणि मग सगळ्यात चांगला भाग. घरी आल्यावर मुलगा एक वर्ष आणि एक दिवस जवळजवळ बोलत नाही, कामाला फारसा हात लावत नाही. कुणी त्याला आगीपाशी नेत नाही, नदीवर नेत नाही. बाप आपलं काम करत राहतो, मुलगा बघत राहतो. एके दिवशी बाप कुणा सरदाराची तलवार घडवत असताना तो म्हणतो, "असं नाही करायचं," आणि हत्यार हातात घेतो. पुढे दोघांचं त्यावरच चांगलं चाललं.

सांगताना त्या वर्षाला घाई करू नका. मी तिथे भात्याचा आवाज काढते, दोनदा, आणि गप्प बसते.

एक बारीक गोष्ट राहिली. १९३७ ते १९३९ मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोगाने सुमारे ५,००० शाळांतल्या ५०,००० मुलांकडून घरच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी वह्यांत उतरवून घेतल्या; त्या आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. चाळून बघा. 'फार फार वर्षांपूर्वी' क्वचित, 'आमच्या रस्त्यावरच्या वरल्या घरात' जास्त. या गोष्टींना पत्ता असतो. लोहाराच्या गावाचं नाव क्रॉसब्रिग आहे. ते तसंच ठेवा, आटपाट नगर करू नका.